स्पीड टेस्ट 80 दाखवते, मग व्हिडिओ 480पीवरच का अडकतो?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: मोबाइल डेटावर स्पीड टेस्ट केली की 80 एमबीपीएस दिसतात, पण यूट्यूब आणि नेटफ्लिक्स दोन्ही 480पीच्या वर सरकत नाहीत. रात्री तर मध्येच चक्र फिरत बसतं. त्याच फोनवर वायफाय लावलं की चित्र लख्ख. कस्टमर केअरने तीनदा फोन बंद करून चालू करायला लावला. प्लॅनवर ‘अमर्यादित’ असं छापलेलं आहे आणि त्याचे पैसे तुम्ही दर महिन्याला भरताय. कंपनी मुद्दाम व्हिडिओचा वेग दाबते का, आणि दाबत असेल तर कंपनी बदलावी का, असा तुमचा प्रश्न आहे.

मी बरीच वर्षं मोबाइल कंपन्यांच्या कोअर नेटवर्कवर काम केलंय. टॉवरकडून आलेला डेटा जिथून इंटरनेटकडे जातो, त्या जागी कोणत्या डेटाला किती वेग द्यायचा याचे नियम लिहिणं आणि तपासणं हे माझं काम. व्हिडिओचा वेग बांधणारे नियम मी स्वतः लिहिलेत. त्यामुळे दोन्ही बाजू सांगू शकते.

तुम्ही एक तक्रार मांडलीय, पण मला त्यात दोन दिसतात. चित्र दिवसभर 480पीवर अडकून राहतं, ही एक. रात्री चक्र फिरतं, ही दुसरी. पहिलीत वेग एका ठरावीक आकड्यावर थांबतो, दुसरीत तो वेळेनुसार कोसळतो. मुद्दाम लावलेली मर्यादा आणि टॉवरवरची गर्दी या दोन गोष्टी ग्राहकाला सारख्याच वाटतात, पण त्यांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. दोन्ही एकाच तक्रारीत घातल्या की कस्टमर केअर गर्दीचं कारण पुढे करतं आणि मर्यादेचा मुद्दा तिथेच राहून जातो.

कंपनीकडे जाण्याआधी फोन तपासा. वायफायवर चित्र लख्ख दिसतं म्हणून फोन निर्दोष, असं समजू नका. यूट्यूबच्या ॲपमध्ये व्हिडिओच्या दर्जाची सेटिंग मोबाइल डेटासाठी वेगळी आणि वायफायसाठी वेगळी असते. नेटफ्लिक्समध्येही मोबाइल डेटा किती वापरायचा हे स्वतंत्रपणे ठरवता येतं. शिवाय फोनचा स्वतःचा डेटा सेव्हर असतो. यातलं एखादं बटण कधीतरी दाबलं गेलेलं असतं आणि नंतर आठवत नाही. मर्यादा लावल्याच्या ज्या तक्रारी माझ्यापर्यंत पोहोचायच्या, त्यातल्या बऱ्याच इथेच संपायच्या. (हे वाचणाऱ्या इतरांसाठी: वायफायवरही नेटफ्लिक्स अस्पष्टच दिसत असेल, तर फोनचं वाइडवाइन प्रमाणपत्र बघा (वाइडवाइन म्हणजे व्हिडिओची नक्कल होऊ नये म्हणून फोनमध्ये असलेली संरक्षण यंत्रणा). ते एल 1 नसून एल 3 असेल, तर नेटवर्क कितीही वेगवान असलं तरी एचडी मिळत नाही. तुमच्या फोनच्या बाबतीत ही शक्यता उरत नाही.)

सेटिंग नीट असूनही अडचण कायम असेल, तर पुढचं वाचा.

व्हिडिओ एकसंध फाइल म्हणून येत नाही. त्याचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जांत सर्व्हरवर तयार असतो. मागचे तुकडे किती वेगाने आले हे प्लेयर मोजत राहतो आणि त्यावरून पुढचा तुकडा कोणत्या दर्जाचा मागायचा हे ठरवतो. त्यामुळे कंपनीला चित्राला हातही लावावा लागत नाही. व्हिडिओला मिळणारा वेग 1.5 एमबीपीएसवर बांधला की प्लेयर आपणहून 480पीवर उतरतो. ‘आम्ही दर्जा कमी करत नाही’ असं कस्टमर केअरने सांगितलं, तर ते शब्दशः खरं असू शकतं आणि तरीही तुमचा 480पी कंपनीच्या नियमामुळेच असू शकतो.

डेटा एन्क्रिप्टेड असताना हा व्हिडिओ आहे हे कंपनीला कळतं कसं? तुम्ही काय बघताय ते तिला दिसत नाही. पण जोडणी जुळताना फोन बहुतेक वेळा सर्व्हरचं नाव उघडपणे पाठवतो. यूट्यूबचे आणि नेटफ्लिक्सचे व्हिडिओ ज्या सर्व्हरवरून येतात त्यांची नावं सगळ्यांना माहीत आहेत. नियम त्या नावांवर बसतो. स्पीड टेस्टच्या सर्व्हरचं नाव त्या यादीत नसतं, म्हणून तिथे 80 दिसतात. ते 80 खोटे नाहीत, फक्त व्हिडिओला तो रस्ता मिळत नाही.

आता नियम कसा लिहितात ते सांगते, कारण तुमची चाचणी त्यावरच उभी राहणार आहे. त्यात मुख्य आकडे दोन. एक कायमचा दर, आणि दुसरा सुरुवातीची सूट, म्हणजे किती डेटा मोकळा सोडल्यावर दर लागू करायचा. सूट मोठी असेल तर व्हिडिओ लगेच सुरू होतो, पहिलं अर्धं-एक मिनिट सुरेख दिसतो आणि मग चित्र मळतं. म्हणूनच दोन सेकंद बघून ‘आता ठीक आहे’ असं ठरवू नका. दर ओलांडणाऱ्या पॅकेटचं, म्हणजे डेटाच्या छोट्या पुडक्यांचं, काय करायचं, यातही दोन पद्धती आहेत. काही ठिकाणी ती रांगेत थांबवतात, काही ठिकाणी सरळ टाकून देतात. टाकून दिलेली पॅकेट पुन्हा पाठवावी लागतात, व्हिडिओ अडखळतो आणि नेटवर्कवरचा भारही वाढतो. गूगलच्या अभियंत्यांनी 2016 साली याचा जगभरचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा टाकून देणाऱ्या नियमात सापडलेल्या जोडण्यांमध्ये पॅकेट गळण्याचं प्रमाण इतर जोडण्यांच्या सरासरी सहापट आढळलं. मर्यादा लावायचीच असेल तर रांगेत थांबवून लावा, असा आग्रह मी प्रत्येक ठिकाणी धरला. काही ठिकाणी तो मानला गेला, काही ठिकाणी नाही.

कंपन्या हे करतात ते निव्वळ वाईट हेतूने करतात, असं मी म्हणणार नाही. टॉवरची एक बाजू म्हणजे सगळ्यांत वाटलेलं एकच भांडं. जुन्या साध्या एलटीईत, म्हणजे 4जीत, 20 मेगाहर्ट्‌झच्या रेडिओ पट्ट्यावर कागदोपत्री 150 एमबीपीएस मिळतात, प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी, आणि तेही त्या बाजूच्या सगळ्या फोनना मिळून. फुल एचडीसाठी 5 एमबीपीएस धरले तर कागदावरचे सगळे 150 तीस जणांतच संपतात. 1.5 धरले तर शंभर जण बसतात. त्यात टॉवरपासून लांब असलेला माणूस तेवढाच व्हिडिओ बघायला जवळच्यापेक्षा कितीतरी जास्त रेडिओ साधनं वापरतो. नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या एरिक्सन कंपनीच्या अहवालांनुसार मोबाइल नेटवर्कवरचा सुमारे तीन चतुर्थांश डेटा व्हिडिओचाच असतो. मर्यादेचा ग्राहकालाही फायदा होतो: तासाभराचा व्हिडिओ 1.5 एमबीपीएसने 675 एमबी खातो आणि 5 एमबीपीएसने सव्वादोन जीबी. मोजून मिळणाऱ्या डेटाच्या प्लॅनवर बरेच लोक लहान पडद्यासाठी स्वखुशीने 480पी निवडतील.

निवडतील, हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. एक प्रसंग सांगते. मी काम करत होते त्या एका कंपनीत संध्याकाळच्या गर्दीत काही मोजक्या टॉवरवर व्हिडिओचा दर बांधायचं ठरलं. नियम मी लिहिला. काही आठवड्यांनी तो सगळ्या टॉवरवर लागला आणि वेळेची अट निघाली, कारण वेगवेगळ्या वेळांचे नियम सांभाळण्यापेक्षा एकच नियम सोपा होता. पहाटे रिकाम्या टॉवरवरही व्हिडिओ 480पीच. मग एका शिक्षिकेची तक्रार आमच्यापर्यंत आली. त्या फळ्यावर लिहून शिकवायच्या आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना धड्यांच्या व्हिडिओतली अक्षरं वाचता येत नव्हती. तीन आठवडे कस्टमर केअर त्यांना आणि मुलांना फोन रीस्टार्ट करा, सिम काढून घाला, असं सांगत होतं. मी चौकशी केली तेव्हा कळलं की कस्टमर केअरच्या स्क्रीनवर या मर्यादेची नोंदच नव्हती. समोरची मुलगी खोटं बोलत नव्हती, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तो नियम आम्ही त्या मुलांपुरता काढला. सगळ्यांसाठी काढायला मात्र पुढे कित्येक महिने गेले, आणि ते मला आजही खुपतं.

म्हणून तुमच्या चिडण्यामागे पैशांइतकंच न सांगितलं जाणंही आहे, हे मी समजू शकते. अमेरिकेत एटी अँड टी या मोबाइल कंपनीविरुद्ध फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने 2014 साली दावा केला, त्याचा रोखही हाच होता. ‘अनलिमिटेड’ प्लॅन घेतलेल्या ग्राहकांचा वेग एका महिन्यात अवघे 2 जीबी वापरल्यावरही कमी केला जात होता आणि ते त्यांना पुरेसं स्पष्ट सांगितलं नव्हतं, असा आरोप होता. 35 लाखांहून अधिक ग्राहकांना याचा फटका बसल्याचं कमिशनचं म्हणणं होतं. 2019 मध्ये कंपनीने 6 कोटी डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं. तिथल्याच टी-मोबाइल कंपनीने नोव्हेंबर 2015 मध्ये ‘बिंज ऑन’ आणलं तेव्हाही तसंच. ठरावीक सेवांचा व्हिडिओ डेटातून वजा होणार नाही, बदल्यात चित्र 480पीच्या आसपास. ही सोय ग्राहकाने न मागता सुरू होती, हवी तर बंद करता येत होती. पण डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने जानेवारी 2016 मध्ये चाचण्या केल्या तेव्हा दिसलं की सवलतीत नसलेल्या सेवांचा व्हिडिओही 1.5 एमबीपीएसवरच बांधला जातोय. म्हणजे डेटा मोजला जाणार आणि वेगही कमी.

गर्दीचं कारण दरवेळी टिकतं असंही नाही. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या डेव्हिड चॉफनेस यांच्या गटाने 2019 मध्ये मांडलेल्या अभ्यासात तिथल्या मोठ्या मोबाइल कंपन्यांची व्हिडिओवरची मर्यादा रात्रंदिवस चालू आढळली, नेटवर्क मोकळं असतानाही. वर सांगितलेला माझा अनुभव याला धरूनच आहे.

तर आता चाचणी. तिचा पाया एवढाच: मर्यादेचा आकडा घड्याळ बघत नाही, गर्दीचा बघतो.

त्याच जागी, त्याच फोनवर, पाच-दहा मिनिटांच्या आत या गोष्टी एकापाठोपाठ करा. आधी नेहमीची स्पीड टेस्ट. लगेच फास्ट डॉट कॉम. हे नेटफ्लिक्सने 2016 मध्ये सुरू केलं आणि ते नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून डेटा उतरवून वेग मोजतं, म्हणून व्हिडिओवरचा नियम बहुधा यालाही लागतो. पहिलीत 80 आणि दुसरीत दीड-दोन आले, तर संशयाला जागा झाली. मग यूट्यूबवर एखादा 1080पीचा व्हिडिओ लावा, दर्जा हाताने 1080पी करा आणि ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ ही यूट्यूबचीच तांत्रिक तपशिलाची चौकट उघडून दोन-तीन मिनिटं जोडणीचा वेग बघत बसा. सुरुवातीची सूट संपल्यावर आकडा कुठे स्थिरावतो, तो लिहून ठेवा.

शेवटी वेहे (Wehe) हे ॲप चालवा. तेही चॉफनेस यांच्याच गटाने बनवलंय आणि फ्रान्सची दूरसंचार नियामक संस्था आर्सेपचाही त्याला पाठिंबा आहे. ते एखाद्या व्हिडिओ सेवेची रेकॉर्ड केलेली जोडणी जशीच्या तशी पाठवून वेग मोजतं आणि मग तेवढाच डेटा ओळखू न येईल असा बदलून पुन्हा पाठवतं. ओळखू येणारा डेटा मंद आणि न ओळखता येणारा वेगवान, असं वारंवार दिसलं तर यापेक्षा चांगला पुरावा सामान्य ग्राहकाच्या हाती दुसरा नाही.

व्हीपीएन, म्हणजे सगळा डेटा झाकून मधल्या एका सर्व्हरमार्फत नेणारी सेवा, लावून बघा, असा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. तो चुकीचा नाही. व्हीपीएनमध्ये कंपनीला फक्त व्हीपीएनचा सर्व्हर दिसतो, व्हिडिओचा नाही, त्यामुळे नावावर बसलेला नियम लागत नाही. पण एकट्या या चाचणीवर निकाल देऊ नका. मोबाइल कंपनी आणि व्हिडिओ सेवा यांच्यामधली जोडवाहिनी तुंबली असली तरी व्हीपीएन वेगळ्या वाटेने जाऊन वेग वाढवतो, आणि तेव्हा कुणी तुमचा गळा दाबलेला नसतो. उलट मर्यादा सगळ्याच डेटाला असेल तर व्हीपीएन लावूनही काही फरक पडत नाही. कायमचा इलाज म्हणूनही मी तो सुचवणार नाही. बॅटरी जास्त जाते, काही व्हिडिओ सेवा व्हीपीएनवर चालत नाहीत आणि काही देशांत त्याच्या वापरावर निर्बंध आहेत.

हे सगळं दिवसातून दोनदा करा: रात्री नऊच्या सुमारास आणि पहाटे किंवा भल्या सकाळी. आठवडाभर. व्हिडिओचा आकडा दोन्ही वेळी तोच, आणि साधी स्पीड टेस्ट मात्र वरखाली, तर ती मर्यादा. पहाटे सगळंच वेगवान आणि रात्री सगळंच मंद, स्पीड टेस्टसुद्धा, तर ती गर्दी. तुमचं वर्णन वाचून माझा अंदाज आहे की तुमच्याकडे दोन्ही आहे. तुम्ही लिहिलेले 80 दिवसा मोजलेले असावेत. रात्री नऊला मोजून बघा.

तिसरी शक्यता महिन्याच्या कोट्याची. अमर्यादित प्लॅनमध्ये बऱ्याचदा ठरावीक जीबीनंतर वेग सरसकट उतरतो, किंवा गर्दीत तुमचा क्रम इतरांच्या मागे जातो. ओळखायला सोपी खूण: महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सगळं बरं आणि शेवटच्या आठवड्यात त्रास. हा कोटा परिस्थिती बघत नाही. 2018 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनो वणव्याच्या वेळी सांता क्लारा परगण्याच्या अग्निशमन दलाच्या समन्वय वाहनाची जोडणी व्हेरायझन या मोबाइल कंपनीने कोटा संपल्यामुळे अगदी मंद केली होती, आणि दलाने विनंती केल्यावर त्यांना महागडा प्लॅन सुचवला गेला. आपल्या ग्राहक सेवेची ती चूक होती, असं कंपनीने नंतर मान्य केलं. हॉटस्पॉटवरून लॅपटॉपला दिलेल्या डेटाची मर्यादा याहून वेगळी असते, तीही विचारून घ्या.

कायद्याचं बळ कितपत मिळेल हे तुम्ही कोणत्या देशात आहात यावर आहे. युरोपीय संघात 2015 च्या नियमाने सगळ्या डेटाला समान वागणूक बंधनकारक आहे, आणि ठरावीक ॲपना सवलत देणाऱ्या प्लॅनविरुद्ध तिथल्या न्यायालयाने 2020 आणि 2021 मध्ये निकाल दिलेत. भारतात दूरसंचार नियामक ट्रायने फेब्रुवारी 2016 मध्ये भेदभाव करणारे डेटा दर बंद केले, आणि 2018 मध्ये विशिष्ट मजकुराचा वेग कमी करण्यावरची बंदी परवान्यांच्या अटींत आली. वाजवी नेटवर्क व्यवस्थापनाला मात्र तिथेही मुभा आहे. अमेरिकेत समान वागणुकीचे 2015 चे नियम 2017 मध्ये मागे घेतले गेले, 2024 मध्ये परत आणले गेले आणि जानेवारी 2025 मध्ये अपील न्यायालयाने रद्द केले. कॅलिफोर्नियासारख्या राज्याचा स्वतःचा कायदा आहे. जिथे असा नियम नाही, तिथेही जाहिरातीत एक सांगून दुसरं देणं याविरुद्ध ग्राहक कायदा असतो, आणि एटी अँड टीचं प्रकरण त्याच वाटेने गेलं.

आकडे हातात आल्यावर कंपनीला लेखी लिहा. ‘नेट स्लो आहे’ हे शब्द वापरू नका, कारण ते वाचताच समोरच्याचा हात रीस्टार्टच्या सूचनेवर जातो. असं विचारा: माझ्या प्लॅनवर व्हिडिओच्या डेटाला वेगळी वेगमर्यादा आहे का? असल्यास किती एमबीपीएस, आणि ती दिवसभर आहे की गर्दीतच? किती जीबीनंतर माझा वेग किंवा क्रम बदलतो? ही मर्यादा बंद करायची सोय माझ्या खात्यात आहे का? आणि ही अट मी प्लॅन घेतला तेव्हाच्या कागदपत्रांत कुठे लिहिली आहे? सोबत सात दिवसांचे आकडे जोडा. शेवटून दुसरा प्रश्न मुद्दाम विचारा. बऱ्याच कंपन्यांत असं बटण असतं, कस्टमर केअरला ते ठाऊक नसतं, आणि लेखी प्रश्न तांत्रिक विभागाकडे गेला की एका दिवसात काम होतं. उत्तर नाहीच आलं, तर तक्रार क्रमांक घेऊन वरच्या पायरीवर जा. भारतात ती कंपनीतलंच अपील प्राधिकरण असते, इतरत्र लोकपाल किंवा नियामक.

कंपनी बदलण्याचं म्हणाल तर एवढ्यात नंबर हलवू नका. ज्या कंपनीकडे जायचं मनात आहे तिचं साधं प्रीपेड सिम घ्या आणि हीच चाचणी त्याच खोलीत, त्याच वेळांना आठवडाभर करा. एक सावधगिरी ठेवा: चाचणीचं सिम ज्या प्लॅनवर असेल त्याच प्लॅनवर नंतर जायचं. एकाच कंपनीत वेगवेगळ्या प्लॅनना वेगवेगळी मर्यादा असू शकते. व्हेरायझनने 2017 मध्ये आपला अमर्यादित प्लॅन दोन भागांत विभागला तेव्हा फोनवर स्वस्त प्लॅनला 480पी आणि महागड्याला 720पी असं उघडपणे लिहिलं होतं. तुमचा त्रास जर गर्दीचा निघाला, तर दुसऱ्या कंपनीचा टॉवरही तितकाच भरलेला असू शकतो, आणि त्या एका आठवड्यात तेही कळेल.

आकडे जमले की इथेच लिहा: तारीख, वेळ, साधी स्पीड टेस्ट, फास्ट डॉट कॉम, यूट्यूबचा स्थिरावलेला आकडा आणि वेहेचा निकाल. त्या महिन्यात तोपर्यंत किती जीबी वापरले तेही. रात्रीचे आकडे विसरू नका, माझी नजर आधी त्यांच्यावरच जाईल.